लई बरं हाय

ज्वारी पोटऱ्यात आली, हरभऱ्याच्या पाल्यावर सकाळचं खारट दव बसायला लागलं, की मला दुकानात बसवत नाही. तसं एरवीही मला फार वेळ बसवत नाही, पण ते कंबरेमुळं. हे वेगळं. डाळीच्या पोत्यांमधूनसुद्धा मला मार्गशीर्षातल्या रानाचा वास येतो असं मी म्हणतो, आणि माझी बायको सुनंदा म्हणते, तो वास तुमच्या मलमाचा आहे. असेलही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कुठला वास बाहेरून येतोय आणि कुठला स्वतःच्याच अंगाचा, हे छातीठोक सांगता येत नाही.

यंदाची येळवस परवा झाली. पंचांगात तिला वेळ अमावस्या म्हणतात. लातूरकडं कुणी तसं म्हटलं, तर तो बाहेरगावचा आहे हे ओळखावं. त्या दिवशी अख्खं शहर उठून रानात जातं. दुकानं बंद, क्लास बंद, रस्ते असे सुनसान की कुत्रीसुद्धा गोंधळतात. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी आपल्या शेतात नेतंच. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, आत पाच पांडव म्हणून दगड मांडायचे, पूजा करायची, कोपीभोवती आंबील शिंपडत ‘व्हलगे व्हलगे’ म्हणत फिरायचं, आणि मग जेवायला बसायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या, भाकरी, आणि गार आंबील. भज्जी म्हणजे भजी नव्हे, हे आम्हाला दर साली कुठल्या ना कुठल्या पाहुण्याला सांगावं लागतं. तुरीचे दाणे, वाटाणे, गाजर, मेथी, चिंच, बेसन असं हंगामात जे जे हिरवं सापडेल ते एका पातेल्यात घालून रटरट शिजवलेली ती भाजी असते, आणि ती एकदा पोटात गेली की माणूस लवकर उभा राहत नाही.

आंबील आदल्या दिवशीच तयार होते. ज्वारीचं पीठ ताकात कालवून, शिजवून, लसूण-जिरं घालून मडक्यात ठेवतात. रात्रभर ते मडकं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आंबट श्वास सोडत बसलेलं असतं. सकाळी त्याच्या गळ्याला हरभऱ्याच्या डहाळ्या बांधतात आणि घरातली बाई ते डोक्यावर घेऊन शेतात जाते. आता आमच्याकडं ते जीपच्या मागच्या सीटवर, सुनंदाच्या मांडीत बसून जातं. बांधापासून कोपीपर्यंत तेवढं डोक्यावर. तो बांध ते कोप एवढा मान आमच्या घरात आक्काचा.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला नायगावला दिलेली, नांदेड जिल्ह्यात. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण येळवशीला ती माहेरी येणार म्हणजे येणार. एक साल तिच्या सासरी बैल आजारी होता तरी आली होती आणि दाजींनी बैल सांभाळला होता. दाजी म्हणजे तिचे मालक. ते फार बोलत नाहीत. दोघांत मिळून बोलण्याचा जो वाटा असतो तो सगळा आक्काकडं गेलेला आहे.

मागच्या येळवशीची गोष्ट मात्र मला वेगळी आठवते. त्या सालचा हंगाम मी एका विशिष्ट गुर्मीत काढला होता. माझी थोरली लेक, शिवानी, नांदेडला फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घेत होती, आणि घरात एक जण डॉक्टरीच्या आसपास गेला की बाकीचे सगळे अर्धे डॉक्टर होतात, तसा मी झालो होतो. दुकानात कुणी कंबर धरून आला की मी डाळ तोलायच्या आधी त्याला वाकायला लावायचो. ‘मणक्यात गॅप आलाय’ असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. मी त्यांना सांगायचो, बाबा, गॅप असायलाच पाहिजे, तुझा कमी झालाय. हे वाक्य शिवानीचं. मी ते उधारीवर वापरायचो.

त्यांच्या विभागात एक अभ्यास चालू होता. मणक्याच्या दुखण्याचे रुग्ण, कुणाला व्यायाम आणि गोळ्या, कुणाला ऑपरेशन. आणि मग वर्षभर त्यांना पुन्हा पुन्हा बोलावून बघायचं की माणूस खरंच बरा झाला का. त्यांचे सर म्हणायचे म्हणे, की इलाज केला हे सगळेच सांगतात, इलाजानंतर त्या माणसाचं काय झालं हे विचारायला फार थोडे जातात. शिवानी आणि तिची मैत्रीण फरहीन, दोघी ते विचारायच्या कामावर होत्या. किती चालता, किती वेळ बसता, किती वजन उचलता, झोप लागते का, दुखणं दहापैकी किती. मग दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात चालायला लावायचं आणि कुठं थांबावं लागतं ते बघायचं.

ह्या प्रश्नांची तालीम तिनं आधी माझ्यावर केली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आली, मला सतरंजीवर उताणं पाडलं, आणि एक एक पाय सरळ वर उचलायला सांगितला. माझा पाय जिथपर्यंत गेला ते बघून सुनंदा म्हणाली की एवढा तर तो झोपेत कूस बदलतानाही जातो. मग प्रश्न. किती वजन उचलू शकता, ह्यावर मी पोत्याचं नाव घेतलं आणि सुनंदानं तांब्याचं. त्या यादीत एक प्रश्न असा होता, की शिवानीनं तो वाचायला तोंड उघडलं, मिटलं, आणि पुढच्या प्रश्नावर गेली. मी छताकडं बघितलं. स्वयंपाकघरातून आवाज आला, चहा ठेवू का. परदेशात तयार झालेल्या प्रश्नांना आपल्या घरात कुठं बसायची जागा असते आणि कुठं नसते, हे मला त्या दिवशी कळलं.

आक्काचं दुखणं त्यानंतरच्या पावसाळ्यात सुरू झालं. थोडं चाललं की दोन्ही पिंडऱ्या भरून यायच्या, मुंग्या यायच्या, बसलं की उतरायचं. शिवानीनं तिला नांदेडला नेलं. फोटो काढला, तपासलं. मणक्यातून नसा जातात ती नळी अरुंद झाली आहे, आधी व्यायाम आणि गोळ्यांनी बघू, असं ठरलं, आणि आक्काचं नाव त्या अभ्यासात गेलं. घरच्या माणसाला घरच्यानं विचारायचं नाही असा त्यांचा नियम. म्हणून आक्काला प्रश्न विचारायची फरहीन. फरहीन नांदेडचीच, देगलूर नाक्याकडची. बोलायला अशी गोड की चार प्रश्न विचारले तर सहाची उत्तरं मिळायची.

आक्का अर्ध्या तिकिटात एसटीनं नांदेडला जायची, दवाखान्याच्या बाकावर बसायची. नायगाव-उमरीकडच्या आणखी तीन-चार बाया त्याच दिवशी यायच्या, त्यांची तिच्याशी गट्टी जमली. आणि प्रत्येक खेपेनंतर शिवानीचा मला आनंदानं फोन, की आप्पा, आत्याला लई फरक आहे. त्यांच्या बाकावरच्या सगळ्याच बायांना फरक होता. मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, की आमच्या पोरीच्या हाताला यश आहे.

मीही माझ्या परीनं इलाज चालवला होता. आक्का वाकून चालते हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि माझं ठाम मत असं, की मणक्याचं सगळं दुखणं वाकण्यानं येतं. जन्मभर खुरपण्यात गेलेली कंबर ती. आता तिला सरळ ठेवली पाहिजे. त्यामुळं फोनवर रोज माझं एकच, आक्का ताठ चाल. दाजींनाही मी पाळतीवर ठेवलं होतं. ती वाकली की दाजी नुसतं ‘बसू’ म्हणायचे, म्हणजे माझं नाव घ्यायचे, आणि ती बिचारी सरळ व्हायची.

तर मागची येळवस. उन्हं मऊ होती. तुरीला शेंगा लागलेल्या, करडईची बोंडं काटेरी व्हायला लागलेली, ज्वारी इतकी उंच की तिच्यात शिरलेल्या माणसाचा नुसता आवाज दिसायचा. फरहीनला शिवानीनं मुद्दाम बोलावलं होतं. येळवशीच्या जेवणाला जातपात नसते आणि पोटालाही मर्यादा नसते. आक्का आदल्या दिवशी आली होती. सकाळपासून ती हरभऱ्यात बसून भाजी खुडत होती. बसल्या बसल्या पुढं सरकायची, ओंजळ भरली की पदराच्या ओट्यात टाकायची, तोंडानं अखंड बोलणं. मी मोबाइल काढून तिचा व्हिडिओ घेतला. बघा, म्हटलं, सहा महिन्यांपूर्वी हिला चालवत नव्हतं. हा व्हिडिओ तुमच्या सरांना दाखवा.

शिवानी तो व्हिडिओ कौतुकानं बघत होती. मग तिनं तो पुन्हा बघितला. मला विचारलं, आप्पा, आत्या उठून चालली कधी. मी म्हटलं, उठायची काय गरज, बसून एवढं काम करायलीय ना. तिनं मोबाइल मला परत दिला आणि हरभऱ्यातल्या आक्काकडं बघायला लागली.

तेवढ्यात पूजेची वेळ झाली. आंबिलीचं मडकं बांधावर आलं आणि आक्काला हाक गेली. ती उठली. मी लांबूनच ओरडलो, आक्का, ताठ. तिनं कंबर सरळ केली, चुंबळ ठेवली, सुनंदानं मडकं डोक्यावर दिलं, आणि ती निघाली. डोक्यावर मडकं असलं की माणसाला वाकता येतच नाही. बोरीच्या झाडापर्यंत ती गेली असेल, थांबली. एका हातानं मडकं धरून दुसऱ्या हातानं बोरं चाचपायला लागली. पूजा सोडून बोरं तोडणारी आक्का आम्ही कधी बघितली नव्हती, पण मला ते लाडिक वाटलं. ती पुन्हा पुढं निघाली. आणि तिची उजवी चप्पल काळ्या ढेकळांत मागं राहिली.

चप्पल कुणाचीही निघते. आक्का मात्र तशीच पुढं गेली. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, आणि तिला पत्ताच नाही. मागून येणाऱ्या फरहीननं ती चप्पल उचलली. तिनं हाक मारली तेव्हा आक्कानं खाली बघितलं, आणि कसनुसं हसली.

“आगं, पोरीनं चप्पल उचलायची व्हय माझी? ठेव तिथं.”

शिवानी पळत गेली होती. तिनं मडकं उतरवून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. आत्याला तिथंच बांधावर बसवलं, पाय आपल्या मांडीवर घेतला. उजव्या पायाचा अंगठा वर कर, म्हणाली. आक्कानं कर म्हटल्याबरोबर भुवया वर केल्या, खांदा वर केला. अंगठा हलला नाही. डाव्या पायाचा कर. तो झाला. पुन्हा उजवा. आक्का आपल्याच पायाकडं असं बघत होती, की जणू शेजारच्या घरातलं कुणी हाक मारूनही ओ देत नाही.

शिवानी फार वेळ त्या पायावरून हात फिरवत बसली. हे कधीपासून आहे, तिनं विचारलं. आक्का म्हणाली, हाय थोडं, दसऱ्यापासून. शिवानीनं फरहीनकडं बघितलं. फरहीन म्हणाली की दसऱ्यानंतर दोनदा विचारलं मी, आत्यांनी दोन्ही वेळा काहीच नाही सांगितलं, पायात ताकद आहे म्हणाल्या, दहापैकी एकच दुखतं म्हणाल्या. व्हरांड्यातसुद्धा चालल्या. त्यावर आक्कानं हळूच सांगितलं की व्हरांड्यात ती भिंतीशी बोलल्यासारखं करून दोनदा टेकली होती, फरहीनला वाटलं असेल भिंतीवरचं काही वाचतीय.

“पण आत्या, का?” शिवानी म्हणाली. “मी रोज फोन करते ना तुला. का नाही सांगितलंस?”

आक्का पदराला गाठ मारत बसली. मग दाजींकडं बघितलं. दाजी ज्वारीकडं बघत होते.

“तुझी परीक्षा हाय ती,” आक्का म्हणाली. “माझा पाय बरा न्हाई झाला तर तुझे सर तुला नापास करतेल. आमी बाकावर बसून ठरवलंय समद्यांनी. पोरी गुणाच्या हायत, तेंचं वर्स वाया घालवायचं न्हाई. इचारलं की मनायचं, लई बरं हाय.”

कुणाला हसू आलं नाही. म्हणजे मला येऊ शकलं असतं, पण माझ्या हातात आंबील होती.

मी त्या मडक्याकडं बघत उभा राहिलो आणि मला कळलं की ह्यात आक्काचं काही चुकलेलं नाही. आमच्या लातुरात मार्कांशिवाय पान हलत नाही. गल्लीगल्लीत क्लास, भिंतीभिंतीवर पोरांचे फोटो आणि त्यांच्याखाली आकडे. सोयरीक जुळवायला आलेला माणूस चहाच्या आधी मुलाच्या धाकट्या भावाची टक्केवारी विचारतो. आक्का सातवीत शाळेतून निघाली ती थेट मांडवात. तिच्या भाचीनं पांढरा कोट घातला, त्या दिवशी नायगावात तिनं दहा घरी पेढे दिले होते. आता ती भाची हातात कागद घेऊन विचारते आहे, किती फरक पडला. आणि तिचे सर लांबून बघत आहेत. ही परीक्षा नाही तर काय आहे? आणि परीक्षेत आपल्या लेकराला मार्क कमी कोण देईल?

शिवानीनं मला तेव्हाच तिथं समजावून सांगितलं, आणि मी ते उभ्या उभ्याच ऐकलं. वाकल्यावर ती नळी थोडी मोकळी होते, ताठ झाल्यावर आवळते. ठिबकची नळी मुरगळली की पुढच्या झाडाला पाणी जात नाही, तसं. आत्याला वाकून बसल्यावर बरं वाटत होतं म्हणून ती हरभऱ्यात बसून होती. वाकणं हा तिचा आजार नव्हता, तेवढाच तिचा आराम होता. मी सहा महिने तिला आरामातून उठवत होतो. हे शिवानीनं इतक्या शब्दांत सांगितलं नाही. तिनं नुसतं नळीचं सांगितलं, आणि सुनंदानं माझ्या हातातलं मडकं काढून घेतलं.

जेवणं झाली. येळवशीला जेवण टळत नाही. भज्जी होती तशीच होती, आंबटगोड, दाणेदार. आक्का तिच्या पद्धतीनं सगळ्यांना वाढत होती, बसूनच, आणि ताठ बस असं तिला कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्याच दिवशी तिला नांदेडला नेलं. सरांनी बघितलं, नवा फोटो काढला. पायाची ताकद जात असेल तर व्यायामावर थांबून राहण्यात अर्थ नाही, त्यांनी सरळ सांगितलं. ऑपरेशन करून नसांवरचा दाब काढू. चालणं सुधारेल. अंगठा परत उचलेल का, ते मात्र सांगता येत नाही. उशीर जेवढा झालाय तेवढं ते अवघड. हे ‘सांगता येत नाही’ त्यांनी ज्या शांतपणे म्हटलं ते मला आवडलं. तोपर्यंत मला वाटायचं की मोठा डॉक्टर म्हणजे ज्याला सगळं सांगता येतं तो.

आक्कानं त्यांना एकच विचारलं. म्हणाली, साहेब, पोरीचं काय हुईल? सरांना आधी कळेना. शिवानीनं मान खाली घालून सगळं सांगितलं, बाकावरचा ठरावसुद्धा. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आपली खुर्ची ओढून आक्कासमोर बसले आणि म्हणाले, “मावशी, तुम्ही बरं नाही म्हणालात तर ही पास होते. तुम्ही खोटं बरं म्हणालात तर हिचं सगळं काम फुकट जातं.” आक्काला ते पटलं नाही. अशी कुठं परीक्षा असते, असं ती रस्ताभर म्हणत होती.

ऑपरेशनच्या सकाळी एक अडचण आली. आम्ही लिंगायत, आणि आक्काच्या गळ्यातलं इष्टलिंग. चांदीच्या करड्यात म्हणजे डबीत घालून, शिवदाऱ्याच्या दोऱ्यात, लहानपणी बांधलेलं. कधी अंगावेगळं झालेलं नाही. आत नेताना काही अंगावर चालत नाही, हे सिस्टरनं समजुतीनं सांगितलं. आक्का गप्प झाली. ती गप्प झाली की भीती वाटते. तेव्हा दाजी उठले, त्यांनी हात पुढं केला. आक्कानं स्वतःच्या हातानं ते काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. दाजींनी मूठ मिटली, छातीशी धरली, आणि मग पुढचे सगळे तास ते तसेच बसून होते. मी चहा आणला, तो त्यांनी डाव्या हातानं घेतला. मी बोलत होतो, कारण मला भीती वाटली की मी बोलतो. मी त्यांना मणक्याची सगळी माहिती दिली. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “बसू, ती उठली की तिला ताठ चाल मनू नको.” एवढंच. बाकी ते मला काही म्हणाले नाहीत, आणि नंतरही कधी नाहीत.

आक्का उठली. पिंडऱ्यांचं भरून येणं गेलं. टाके निघाले, चालणं वाढलं. अंगठा मात्र आपल्या मर्जीनं वागत राहिला. पाऊल घसटू नये म्हणून पायाला प्लास्टिकची पट्टी आली, ती चपलेत बसते. पुढं उन्हाळ्यात तिनं पट्टीसकट माहूरच्या पायऱ्या चढायचं ठरवलं होतं, शिवानीनं फोनवरच तिला खाली उतरवलं.

इकडं शिवानी आणि फरहीनवर वेगळाच प्रसंग होता. बाकावरच्या बायांना पुन्हा बोलावलं, घरी जाऊन विचारलं. आधी समजावलं, की ह्यात पोरींची परीक्षा नाही, दुखत असेल तर दुखतंय म्हणा. सगळ्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग उमरीची एक म्हणाली, आता खरं सांगायचं का? आणि खरं सांगितलं. दोघींना बरंच बरं होतं, एकीला मुळीच नव्हतं, आणि एक तर गोळ्या शेजारणीला देत होती, कारण शेजारणीची कंबर जास्त दुखते. पुरुषांचंही तसंच. नायगावच्या एका म्हाताऱ्यानं, दुखणं दहापैकी किती म्हटल्यावर, तुम्ही म्हणाल तेवढं लिहा म्हणून हात जोडले होते.

आधीचा देखणा निकाल पार कोसळला. शिवानी दोन दिवस फोनवर नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या आईला म्हणाली, की आधीचं काम दिसायला छान होतं, आताचं खरं आहे, आणि सरांनी आमच्या अभ्यासात हेच लिहायला सांगितलंय, की आपल्याकडं माणसं दुखणं का लपवतात. सुनंदानं ते मला सांगितलं. मी दुकानात कुणालाच सांगितलं नाही. हाताला यश असल्याचं सांगायला सोपं असतं; हे सांगायला लांबण लागते.

मी मात्र तेव्हापासून एक बघतो. दुकानात येणाऱ्याला ‘कसं काय’ म्हटलं की तो ‘मजेत’ म्हणतो. मीही म्हणतो. आपण सगळे एकमेकांना सारखे चांगले मार्क देत असतो. पाहुण्याला, व्याह्याला, डॉक्टरला, पोरांना. नाही तर त्यांना वाईट वाटेल. आपली अख्खी जिंदगी समोरच्याला पास करण्यात जाते, आणि पाय कधी घसटायला लागला ते आपल्यालाही चप्पल मागं राहिल्यावर कळतं. ह्यात मोठेपणा किती आणि भित्रेपणा किती, मला सांगता येत नाही. सांगता येत नाही असं म्हणायला मी सरांकडून शिकलो.

परवाच्या येळवशीला आक्का आली. हवा तशीच, तुरीच्या शेंगा तशाच, ज्वारीत शिरलेल्या पोराटोरांचे आवाज तसेच. मडकं ह्या वेळी शिवानीनं डोक्यावर घेतलं, कुणी काही ठरवलं नव्हतं. आक्कानं चुंबळ वळून दिली आणि मागं मागं चालत आली. बांधापासून कोपीपर्यंत कुठं टेकली नाही. बोरीजवळूनही सरळ गेली. मी तिच्या पायाकडं बघत होतो, आणि मला बघताना बघून तिनं मला चालता चालता एक चापट मारली.

आक्काच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं, अभ्यासातलं शेवटचं विचारणं राहिलं होतं. फरहीननं सरांना विचारून ते रानातच करायचं ठरवलं. जेवणाआधी कोपीच्या सावलीला बसली, मांडीवर कागद घेतला. शिवानी मुद्दाम लांब तुरीत जाऊन उभी राहिली. नियम म्हणजे नियम. मी आणि दाजी ऐकू येईल एवढ्या अंतरावर, ऐकत नसल्यासारखे.

आत्या, आता कसं आहे, फरहीननं विचारलं.

आक्काचं तोंड सवयीनं उघडलं. मला तिच्या ओठांवर ते ‘लई’ आलेलं दिसलं. मग ती थांबली. तुरीतल्या शिवानीकडं एकदा बघितलं, पाय समोर पसरला, पट्टी सोडली, आणि अंगठ्याकडं बघून त्याला वर करायचा हुकूम दिल्यासारखी मान हलवली. तो हलला, इतकाच, की हलला हे शपथेवर सांगावं लागेल.

“हे बग,” ती म्हणाली. “चालती मी. मळ्यापातुर जाती. पिंडरीचं गेलं ते गेलं. पर अंगठा न्हाई उचलत अजून. दिवस मावळतीला पाय जड व्हतो. कधी कधी राती बी मुंग्या येत्यात. लिही.”

फरहीन लिहायला लागली. आक्कानं तिला पुढचा प्रश्न विचारूच दिला नाही. थंडीत कंबर कुठं धरते, एसटीत मागच्या सीटवर बसलं की काय होतं, सून पाण्याची घागर भरू देत नाही त्याचा कसा राग येतो, टाके होते तिथं खाजवतं पण हात पोचत नाही आणि दाजींना नीट खाजवता येत नाही. दाजींनी एक काडी मोडली. इतकं सगळं तिच्यात साठलेलं असेल असं मला वाटलं नव्हतं. फरहीनचा कागद भरला, तिनं तो उलटा केला. कोपीतून सुनंदानं दोनदा हाक मारली, की भाकरी गार व्हायल्या, भज्जीवर साय आली, उठा आता.

“थांब की गं,” आक्का तिच्यावर खेकसली. “गुडघ्याचं राह्यलंय अजून.”